ताप नाही, पू नाही, तरी जंतू फिरतोय: बेथेस्डा 2011 चं प्रकरण

नर्सिंगच्या मुलींना इन्फेक्शन कंट्रोल शिकवताना मी हे प्रकरण मुद्दाम घेते, कारण यात हॉस्पिटल गरीब नव्हतं, स्टाफ अपुरा नव्हता, ग्लोव्हज संपलेले नव्हते आणि कॅज्युअल्टीची झुंबडही नव्हती. पहिल्या पेशंटला आल्या दिवसापासून आयसोलेशन होतं, आणि तरी जंतू पसरला. आपल्याकडे काही झालं की "पेशंट जास्त, सिस्टर कमी" इथेच चर्चा संपते, आणि ते खरंही असतं, पण त्यामुळे पुढचं शिकायचं राहून जातं. इथे ती सोय नाही.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेथेस्डा इथे एनआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) क्लिनिकल सेंटर आहे, सरकारी संशोधन हॉस्पिटल, तेव्हा साधारण 240 बेडचं. तिथे येणारे पेशंट साधे नसतात. ल्युकेमिया, लिम्फोमा, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले, जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष असलेले, नवीन औषधांच्या ट्रायलवर असलेले, म्हणजे ज्यांच्या शरीराची संरक्षणाची भिंत कुठे ना कुठे पडलेली आहे असेच बहुतेक. हे आधी डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

13 जून 2011 ला न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमधून 43 वर्षांची एक बाई तिथे ट्रान्सफर झाली. फुप्फुसाचं ट्रान्सप्लांट झालेली, आणि तिच्या कागदांवर स्पष्ट लिहिलेलं होतं की तिच्या अंगात केपीसी क्लेब्सिएला आहे. क्लेब्सिएला न्यूमोनी हा तसा आपल्या आतड्यात सुखाने राहणारा जंतू, पण या जातीकडे केपीसी नावाचं एन्झाइम असतं आणि ते मेरोपेनेम, इमिपेनेम ही आपली राखून ठेवलेली अँटिबायोटिकंसुद्धा तोडून टाकतं. केपीसी पहिल्यांदा सापडलं नॉर्थ कॅरोलिनातल्या 1996 च्या एका नमुन्यात, आणि पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत ते बरंच पसरलं होतं. या हॉस्पिटलने मात्र ते आधी कधी हाताळलं नव्हतं. म्हणून त्यांनी कसलीही कसूर केली नाही, बाई येताच कॉन्टॅक्ट आयसोलेशन, खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला गाऊन आणि ग्लोव्हज, सामान वेगळं. या मुक्कामात ती थोडा वेळ आयसीयूत होती, बाकी दिवस वॉर्डात. 15 जुलैला ती डिस्चार्ज होऊन गेली, तोवर दुसऱ्या कुणात हा जंतू दिसला नव्हता, सगळ्यांना वाटलं निभावलं.

5 ऑगस्टला दुसऱ्या एका पेशंटच्या श्वासनलिकेच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, केपीसी उगवलं. ती बाई जाऊन तीन आठवडे झाले होते! मग तिसरा, मग चौथा, साधारण आठवड्याला एक या चालीने पेशंट सापडत गेले. 2011 संपेपर्यंत तिला धरून 18 जणांच्या अंगात हा जंतू सापडला, त्यातले 11 दगावले, आणि त्यातल्या 6 जणांचा मृत्यू या जंतूमुळेच झाला असं हॉस्पिटलने ठरवलं, बाकीचे मूळ आजाराने गेले. आकडा छोटा वाटेल, पण ही माणसं कॅन्सरसारख्या आजारांवर इलाज करून घ्यायला, जगायला म्हणून आलेली होती.

आता नर्स म्हणून प्रश्न हा, की ते तीन आठवडे जंतू होता कुठे?

याचं उत्तर शरीराच्या बाजूने बघितलं तरच नीट लागतं. आपण वॉर्डात इन्फेक्शन कशावरून ओळखतो, ताप, लालसर सूज, पू, खोकल्यातून घट्ट पिवळा बेडका, एक्सरेवर पांढरा डाग. यातली एकही गोष्ट जंतू स्वतः करत नाही, ती आपल्या पेशी जंतूशी भिडल्याची खूण असते. पू म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच ढीग. ज्याच्या रक्तात न्यूट्रोफिलच नाहीत त्याला पू होणार कुठून? किमोनंतर एएनसी, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिलची मोजणी, 500 च्या खाली गेलेला पेशंट असतो ना, त्याच्या सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) जागेवर नुसती हलकी लाली आणि जरा दुखतंय एवढंच असतं आणि आत मात्र रक्तात जंतू वाढत असतो. स्टिरॉइडवर असेल तर तापही दबतो, वरून कुणी अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल दिलेली असेल तर चार्टवर सगळं नॉर्मल. म्हणून या पेशंटमध्ये एकदा जरी 101 च्या आसपास ताप आला, किंवा 100.4 च्या वर तासभर टिकला, तरी ती इमर्जन्सी असते, कल्चर काढायची आणि पहिला अँटिबायोटिक डोस तासाच्या आत लागला पाहिजे, "सकाळी राऊंडला सांगू" चालत नाही. ही तापाची एकच घंटा या शरीराकडे उरलेली असते आणि तीसुद्धा कधी कधी वाजत नाही.

आणि त्याच्याही आधीची एक पायरी आहे, ती म्हणजे जंतू अंगात आहे पण आजार नाहीच. याला कोलोनायझेशन म्हणतात आणि मला विचाराल तर या प्रकरणाचा जीव इथेच आहे. धडधाकट माणसाच्या आतड्यात इतके प्रकारचे साधे जंतू ठाण मांडून बसलेले असतात की बाहेरून आलेल्या क्लेब्सिएलाला टेकायला जागा मिळत नाही, सकाळच्या विरार लोकलमध्ये चौथी सीटसुद्धा मिळत नाही तसं. त्यात पोटातलं आम्ल आहे, आतड्याच्या आवरणावरचा चिकट थर आहे, त्यातल्या आयजीए अँटिबॉडी आहेत. आता या हॉस्पिटलमधला पेशंट डोळ्यासमोर आणा. आठवडे-आठवडे ब्रॉड स्पेक्ट्रम अँटिबायोटिक चाललेत म्हणजे ते साधे जंतू साफ झाले, गोळ्या देऊन पोटातलं आम्ल कमी केलंय, किमोने तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं आवरण सोलवटून निघालंय. जंतूला मोकळं मैदान! तो तिथे आरामात वाढतो, पेशंटला काही होत नाही, पण त्याच्या शौचातून, कातडीवरून, पलंगाच्या दांड्यावरून तो बाहेर येत राहतो. मग एक दिवस एएनसी पडतो, आवरणाला चीर पडते, आणि आतड्यातला जंतू थेट रक्तात.

म्हणजे आजारी पडलेला पेशंट मोजत बसलं तर आपण कायम काही आठवडे मागेच राहणार. बेथेस्डात सुरुवातीला नेमकं हेच झालं. बारीक लक्ष होतं, पण जंतू ज्यांच्या अंगात गपचूप बसला होता त्यांच्यापर्यंत ते पोचायला वेळ गेला.

हे नुसतं अनुमान नाही. तिथल्या संशोधकांनी, ज्युली सेग्रे आणि इव्हन स्निटकिन यांनी, हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या डॉक्टर तारा पामोर यांच्यासोबत, प्रत्येक पेशंटच्या जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, वाचून काढला आणि ऑगस्ट 2012 मध्ये ते छापून आलं. या जंतूच्या जीनोममध्ये साठ लाखांच्या आसपास अक्षरं, आणि सगळ्या पेशंटच्या जंतूंमध्ये मिळून फरक होता तो फक्त 41 ठिकाणी. त्या 41 फरकांवरून त्यांनी कुणाकडून कुणाकडे गेला याचा माग लावला. एक तर सगळी साथ त्या एकाच बाईपासून निघाली होती, पण एकदा नाही, तीन वेगवेगळ्या वेळी. तिच्याच शरीरात घशातला जंतू आणि जांघेतला जंतू यांच्यात बारीकसा फरक पडलेला होता, त्यावरून हे वेगवेगळे धागे सुटे करता आले. दुसरं म्हणजे ज्या क्रमाने रिपोर्ट पॉझिटिव्ह आले त्या क्रमाने जंतू पसरलाच नव्हता. आधी सापडलेल्या पेशंटला तो नंतर सापडलेल्याकडून मिळाला असण्याची शक्यता दिसली, म्हणजे मधला माणूस कितीतरी दिवस काहीही लक्षण नसताना जंतू घेऊन पडून होता. जो सापडला त्यालाच कारण धरून "याच्यामुळे पसरलं, त्या दिवशी ड्युटीला कोण होतं" अशी चौकशी आपल्याकडे लगेच सुरू होते ना, ती किती चुकीच्या दिशेने जाऊ शकते हे यावरून कळतं.

मग जंतू नेला कुणी? खरं सांगायचं तर प्रत्येक वेळचा नेमका मार्ग शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही. पण दोन जागा अशा सापडल्या ज्या प्रत्येक नर्सने ऐकायलाच पाहिजेत. एक व्हेंटिलेटर, जो वापरून झाल्यावर रीतसर साफ केलेला होता. साफ केल्यानंतरच्या कल्चरमध्ये तोच जंतू उगवला! आणि दुसरी जागा बेसिनचे ड्रेन.

बेसिनबद्दल जरा थांबून बोलते, कारण हे आपल्या हातातलं आहे आणि कुणी गंभीरपणे घेत नाही. हात धुवायचं बेसिन वॉर्डात असतं, आणि त्याच बेसिनमध्ये उरलेलं आयव्ही फ्लुइड ओततात, राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) उरलेलं फीड ओततात, पेशंटचं तोंड पुसलेलं पाणी ओततात, पेशंटची मावशी किंवा बायको डबा तिथेच विसळते. ड्रेनच्या आत जाळीखाली जो बुळबुळीत थर जमतो तो बायोफिल्म, त्यात क्लेब्सिएलासारखे जंतू चिकटून राहतात, वरून साखर आणि प्रोटीन आपण रोज घालतोच. मग कुणी नळ जोरात सोडला आणि धार सरळ जाळीवर पडली की तिथून थेंब उडतात, ते मीटरभर लांब जाऊ शकतात, आणि बेसिनच्या शेजारच्या ट्रॉलीवर तुम्ही इंजेक्शन भरून ठेवलेली असतात. म्हणजे हात धुवायला गेलेली सिस्टर आपल्या हाताने जंतू उडवते आणि तिला पत्ताच नाही. बेसिन फक्त हात धुवायला, बाकी सगळं स्लूइस रूममध्ये, म्हणजे घाण पाणी ओतायच्या खोलीत, आणि औषधाची ट्रॉली बेसिनपासून लांब. यासाठी एक पैसा लागत नाही.

व्हेंटिलेटरचंही तसंच. बाहेरचा पडदा चकाचक पुसला जातो, पण बटणांच्या कडा, मॉनिटरच्या वायरी, ह्युमिडिफायरच्या बाजूची खाच, स्टँडची मूठ, बीपीच्या कफचं कापड, इथे कापड फिरतच नाही. जंतुनाशक लावलं की ते काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं, बाटलीवर जितका वेळ लिहिलाय तितका. आपण लावतो आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसून मोकळे होतो, दुसरा पेशंट खाली ताटकळत असतो ना. क्लेब्सिएला कोरड्या जागेवर कित्येक दिवस जगू शकतो, त्याला घाई नसते.

बेथेस्डाच्या लोकांनी पुढे जे केलं ते वाचून मला दरवेळी थक्क व्हायला होतं. आयसीयूत चक्क नवीन भिंत उभारली, पॉझिटिव्ह पेशंट एका बाजूला, त्यांचे डॉक्टर-नर्स वेगळे, सामान वेगळं, इकडचा स्टाफ तिकडे जाणार नाही. रिकाम्या केलेल्या खोल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली. पाइप-ड्रेन काढून बदलले. हात धुतात की नाही, गाऊन नीट घालतात की नाही हे बघायला माणसं नेमली आणि त्यांना कुणालाही, मोठ्या डॉक्टरलासुद्धा, टोकायचा अधिकार दिला. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आजारी असो नसो, पेशंटचे रेक्टल स्वॅब, म्हणजे गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुने, घेणं सुरू केलं, आधी आयसीयूत, मग साथ बाहेर दिसल्यावर अख्ख्या हॉस्पिटलमध्ये, आणि एकदाच नाही, परत परत. कारण आतड्यात जंतू थोडा असेल तर एका स्वॅबमध्ये निसटतो.

औषधांनी यात फार साथ दिली नाही. कोलिस्टिन, टिगेसायक्लिन अशी जुनी किंवा अर्धवट लागू पडणारी औषधं एकत्र करून दिली, कोलिस्टिन किडनीला त्रास देतं, आणि काही पेशंटमध्ये जंतू त्यालाही दाद देईना. केपीसीवर चालणारं सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम अमेरिकेत मंजूर झालंच मुळी 2015 ला. म्हणजे 2011 मध्ये पेशंट आणि मृत्यू यांच्या मधे खऱ्या अर्थाने उभे होते ते हात, गाऊन, स्वॅब आणि फडकं.

आता इथलं बोलू. आपल्याकडे केपीसीपेक्षा एनडीएम आणि ऑक्सा-48 सारखी एन्झाइम जास्त दिसतात, पण जंतू तोच, वागणं तेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दरवर्षीच्या अँटिबायोटिक रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला वरच्या नंबरांत असतो, आणि मोठ्या हॉस्पिटलांतले साधारण निम्मे किंवा जास्तच नमुने कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, दाद देत नाहीत. म्हणजे बेथेस्डाला जो पेशंट एकदा आला तो आपल्याकडे रोज येतो, फक्त त्याच्या कागदावर काही लिहिलेलं नसतं. तालुक्याच्या ठिकाणी दहा दिवस आयसीयूत राहून, तीन-चार अँटिबायोटिक झाल्यावर, मेरोपेनेम चालू असताना ॲम्ब्युलन्समधून येतो आणि हँडओव्हरमध्ये बीपी, शुगर, ट्यूब सगळं सांगतात, कल्चर काय आलं होतं ते कुणी सांगत नाही. हे विचारायचं काम सिस्टरचं आहे असं मी ठामपणे म्हणते. "कल्चर पाठवलं होतं का, कुठून, काय आलं" हे तीन प्रश्न पेशंट स्ट्रेचरवरून उतरायच्या आत विचारा, आणि आपण पेशंट पुढे पाठवताना ट्रान्सफरच्या कागदावर तेच पहिल्या ओळीत लिहा. बेथेस्डाला निदान पहिल्या दिवशी जे माहीत होतं ते न्यूयॉर्कवाल्यांनी लिहून पाठवलं म्हणूनच.

स्वॅबचं समजावणं हे दुसरं अवघड काम. रेक्टल स्वॅब म्हटलं की नातेवाईक बिथरतात. किमोच्या वॉर्डात हा संवाद ठरलेला असतो, पेशंटचा मुलगा विचारतो, "सिस्टर, बाबांना ताप नाही, जुलाब नाहीत, मग तिथली तपासणी कशाला? उगाच बिल वाढवायला?" तेव्हा चिडून उपयोग नाही. मी सांगते, "दादा, बाबांच्या पांढऱ्या पेशी किमोने उतरणार आहेत, आठ-दहा दिवसांनी त्यांचं शरीर लढायच्या स्थितीत नसेल. आतड्यात एखादा हट्टी जंतू बसलाय का ते आत्ताच कळलं तर ताप आल्यावर कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टरांना आधीच माहीत असेल, आणि शेजारच्या काकांनाही तो लागणार नाही." एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. आणि पेशंटचे काउंट खाली गेलेले असतील तर स्वॅब आत घालायचा नाही, कडेने फिरवायचा किंवा शौचाचा नमुना घ्यायचा, कारण तिथल्या नाजूक आवरणाला चीर पडली तर आपणच दार उघडून दिल्यासारखं होईल. त्याच कारणाने या पेशंटला रेक्टल थर्मामीटर नाही, एनिमा नाही, सपोझिटरी नाही.

पॉझिटिव्ह आला की पेशंटला वाळीत टाकल्यासारखं वागवायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मी बघितलंय, दाराला लाल बोर्ड लागला की चहावाला आत येत नाही, मावशी बेडशीट दारातूनच फेकतात, सिस्टर दोन तासांनी जायच्या त्या चार तासांनी जातात. त्या माणसाला धुऊन-पुसून काढणं, तोंडाची काळजी, कूस बदलणं, पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवणं हे कमी झालं तर त्याला न्यूमोनिया आणि बेडसोर होणार, म्हणजे ज्या कातडीने आणि ज्या खोकल्याने त्याचा बचाव व्हायचा तेच आपण घालवलं. घातलेली प्रत्येक नळी ही शरीराच्या भिंतीला पाडलेलं भोक आहे, त्यामुळे राऊंडला रोज विचारायचं, "सर, ही कॅथेटर आज काढू का?" लाइनला हात लावायच्या आधी हब, म्हणजे नळीचं जोडायचं तोंड, अल्कोहोलने घासून वाळू द्यायचा. ग्लोव्हज काढल्यावर परत हँडरब, कारण ग्लोव्हजला बारीक भोकं असतात आणि काढताना हात हमखास बरबटतो. हँडरब 20 ते 30 सेकंद, अंगठा आणि बोटांची टोकं धरून. अंगठा सगळ्यांचा राहतो, फ्लुरोसंट जेल लावून निळ्या दिव्याखाली हात धरायला लावला की डॉक्टर असो वा नर्स, न चमकता राहतो तो अंगठाच.

बेथेस्डाची गोष्ट 2011 ला संपली असं वाटलं होतं. 2012 मध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या गुंतागुंतीसाठी आलेल्या एका तरुण मुलात जुलैमध्ये तोच जंतू सापडला, जीनोमने दाखवलं की ती तीच साथ आहे, आणि सप्टेंबरमध्ये तो गेला. इतक्या भिंती, इतकी वाफ, इतके स्वॅब करूनसुद्धा जंतू कुठेतरी टिकून होता, कदाचित ज्याचं नाव यादीत आलंच नाही अशा एखाद्या पेशंटच्या आतड्यात. त्यानंतरही तिथे स्वॅब घेणं बंद झालं नाही, नवीन भरतीपासून अख्ख्या वॉर्डापर्यंत ते ठरलेल्या तारखांना चालूच राहिलं, एकही पॉझिटिव्ह नसलेल्या महिन्यांतसुद्धा.